णमोकारही चालू आहे आणि गोळीही



दशलक्षण पर्वातली गोष्ट. अभिषेक-पूजा आटोपून मंदिराच्या पायरीवर चपला घालत होते. मागून एक वहिनी आल्या. आपल्यातल्याच, नाव सांगत नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या सोलापूरच्या डॉक्टरांचा नंबर द्याल का? पण घरी कुणाला बोलू नका हं. कुणी विचारलंच तर लोणच्याचा मसाला विचारत होते म्हणा."

नंबर दिला. मग लोणच्याचा मसालाही सांगितला, म्हणजे दोघींनाही पर्वात खोटं बोलायला नको.

पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत राहिलं. ह्याच वहिनी गुडघ्याच्या ऑपरेशनला अख्ख्या गल्लीला सांगून गेल्या होत्या. डॉक्टर कोण, खर्च किती, टाके किती, सगळं आम्हाला पाठ होतं. आणि छातीतल्या धडधडीला मात्र मसाल्याची आड. ते काही मला पटेना. म्हणून आज स्वयंपाक बाजूला ठेवून हा विषय घेते.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझ्यावर काय गुदरलं, काय चुकलं आणि आता माझं मत काय झालंय, एवढंच लिहिणार आहे.

नळदुर्गात पाहुणे आले की किल्ला दाखवावाच लागतो. त्यात पावसाळा असला आणि बोरी नदी भरून वाहत असली तर नर-मादी धबधबे बघितल्याशिवाय कुणी हलत नाही. चार वर्षांपूर्वी श्रावणात नणंदेकडची मंडळी आली होती. बंधाऱ्याच्या पोटात बांधलेल्या पाणी महालाच्या पायऱ्या आम्ही उतरत होतो. अंधार, ओलावा, वरून पाण्याचा आवाज. एकाएकी छातीत धडधड सुरू झाली. हाताला मुंग्या आल्या, घसा आवळला, श्वास पुरेना. आता मी इथंच जाणार, असं अगदी खात्रीनं वाटलं. पोरांनी धरून वर आणलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलं. पाहुणे म्हणाले, उपाशी असशील.

पंधरवड्यानं एसटीत तसंच झालं. मग एकदा भाकरी थापताना. त्यानंतर त्या धडधडीपेक्षा ती परत कधी येईल ह्याचीच भीती जास्त झाली. मी किल्ला सोडला, एसटी सोडली, लग्नाकार्याला जाणं सोडलं. मंदिरातही दाराजवळ बसू लागले, म्हणजे पटकन बाहेर पडता येईल.

सोलापूरला तपासण्या झाल्या. ईसीजी, टू-डी एको, हिमोग्लोबिन, थायरॉइड. ह्या तपासण्या कुणी टाळू नका. थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते, रक्त कमी असलं तरी दम लागतो, आणि आपल्या बायकांत उपवास आणि घरातली धावपळ मिळून रक्त कमी असणं काही नवीन नाही. माझं सगळं नीट निघालं. डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाही तुम्हाला. टेन्शन घेऊ नका."

ह्या "काही नाही"नं माझी दोन वर्षं खाल्ली. काही नाही, मग मला मरण का दिसतंय? काही नाही, म्हणजे मी नाटक करते का? घरच्यांनाही वाटू लागलं, काही नाही ना, मग कशाला कुरकुरतेस. हृदयाला काही नाही हे खरंच होतं. पण माझ्या मनाचा आजार होता, त्याला नाव होतं, त्यावर उपचार होता. हे सांगणारं वाक्य कुणी बोललंच नाही.

मधल्या काळात एका मेडिकलवाल्यानं झोपेची म्हणून बारीकशी गोळी दिली. अल्प्राझोलाम. घेतली की अर्ध्या तासात जग शांत. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. पुढं कळलं की ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायचीच नसते, तिची सवय लागते आणि एकदम बंद केली तर त्रास उलटतो. नंतर डॉक्टरांनी ती हळूहळू उतरवत आणली, त्यालाच तीन महिने गेले. तुमच्या पर्समध्ये अशी गोळी असेल, आणि कुणाकुणाच्या आहे हे मला माहीत आहे, तर ती फेकूही नका आणि वाढवूही नका. तिच्यासकट डॉक्टरकडे जा.

आता आपल्या घरातला, मंदिरातला भाग. इथं मला जरा सविस्तर बोलायचंय.

मला सगळ्यांनी एकच सांगितलं, जाप वाढव. वाढवला. णमोकाराची माळ दोनदा, रोज भक्तामराचे अठ्ठेचाळीस श्लोक. फायदा झालाच नाही असं म्हणणार नाही. पण सामायिकाला बसलं की शांततेत छातीचे ठोके अधिकच ऐकू यायचे. अर्ध्यावरून उठले की अपराधी वाटायचं. एक दिवस स्वाध्यायात एक आत्याबाई सहज बोलून गेल्या, "सम्यग्दृष्टी जीवाला सात भयं नसतात." माझ्याकडे बघूनच म्हणाल्या असं मला वाटलं. इहलोकभय, परलोकभय, मरणभय, वेदनाभय, आकस्मिकभय... माझ्याकडे सातच्या सात होती. म्हणजे माझी श्रद्धाच खोटी! आधी जीव घाबरत होता, आता मोक्षमार्गही गेला. आजाराच्या वर हा दुसरा आजार आपण एकमेकींना देतो.

मग मी हट्टानं कर्मप्रकृती वाचायला घेतल्या. आपल्यापैकी बऱ्याच जणींना ह्या पाठ आहेत, पण पाठ असलेलं आपण आपल्याला लावून बघत नाही. मोहनीय कर्माच्या अठ्ठावीस प्रकृती. त्यातल्या तीन दर्शन मोहनीयाच्या, पंचवीस चारित्र मोहनीयाच्या. श्रद्धेचा संबंध दर्शन मोहनीयाशी. आणि भय कुठं आहे? भय नऊ नोकषायांत आहे, हास्य, रति, अरति, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद. म्हणजे चारित्र मोहनीयात. त्याचा उदय आठव्या गुणस्थानापर्यंत चालतो असं शास्त्र सांगतं. आठव्या! आपण गृहस्थ बायका, झालंच तर चौथ्या-पाचव्याच्या गोष्टी करणार. जिथं श्रेणी चढणाऱ्या मुनींच्या ठिकाणीही भयाचा सूक्ष्म उदय मानला आहे, तिथं नळदुर्गातल्या एका बाईच्या धडधडीवरून तिचं सम्यक्त्व मोजायचं? आहार, भय, मैथुन, परिग्रह ह्या चार संज्ञा तर मुंगीलाही आहेत. सात भयं नसतात ह्याचा अर्थ, माझ्या आत्म्याचं काही हिरावलं जाईल अशी शंका नसते. छाती धडधडत नाही असा त्याचा अर्थ नाही.

दुसरं वाक्य, "कर्माचा उदय आहे, भोगलाच पाहिजे." बरं. मधुमेह हा कशाचा उदय आहे? असाता वेदनीयाचाच ना? मग इन्सुलिन का घेतो? मोतीबिंदू काढायला सोलापूर का गाठतो? शरीराच्या दुखण्याला निमित्त शोधायचं आणि मनाच्या दुखण्याला फक्त उदय सांगायचा, हा न्याय आपल्या शास्त्रातला नाही. तो आपल्या लाजेतला आहे.

आणि औषधाला आपल्याकडे केवढा मान! चार दानांत औषधदान आहे. त्यात नाव निघतं ते वृषभसेनेचं, एका बाईचं. त्यागी-व्रतींच्या आहारात औषध देताना आपण किती काळजीनं विचारून देतो. वैयावृत्य हे तप मानलं आहे. डळमळलेल्याला सावरणं, स्थितीकरण, हे सम्यक्त्वाच्या आठ अंगांतलं एक अंग. मग घाबरलेल्या सुनेला डॉक्टरकडे नेणं हे ह्यातलं कुठलंच नाही का?

एक मात्र कबूल करते. जाप आणि स्वाध्याय मी सोडले नाहीत. उपचार सुरू झाल्यावर ते जास्त चांगले जमायला लागले. जापानं आजार गेला नाही. आजार उतरल्यावर जापात मन लागलं. माझ्याबाबतीत क्रम असा होता.

आता डॉक्टर कसा मिळाला ते.

पहिल्यांदा मला हे सगळे एकच वाटायचे. तसं नसतं. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. ते निदान करतात, गोळी देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ते गोळी देत नाहीत, पण बोलण्यातून, सरावातून पद्धतशीर उपचार करतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. तिसरे समुपदेशक. ह्यांत फार चांगली, रीतसर शिकलेली माणसं आहेत, आणि चार दिवसांचं शिबिर करून पाटी लावणारेही आहेत. पाटीवरून फरक कळत नाही. शिक्षण कुठं झालं, किती वर्षं काम करता, माझ्यासारख्या त्रासाला कुठली पद्धत वापरता, किती भेटी लागतील, माझं बोलणं घरी सांगणार का, एवढं विचारावं. ह्या प्रश्नांचा ज्याला राग येतो त्याच्याकडे परत जाऊ नये.

मी पहिल्यांदा ज्या बाईंकडे गेले त्यांनी मला "सकारात्मक विचार करा" म्हणून सांगितलं, आरशासमोर बोलायची पाच वाक्यं दिली आणि सासूबाईंना आत बोलावून विचारलं, "घरात ह्यांचं वागणं कसं आहे?" सासूबाईंसमोर मी काय बोलणार! दोन भेटींत सोडून दिलं, आणि वाटलं की हा उपचारच असा असतो. त्यात आणखी सहा महिने गेले. डॉक्टर चुकीचा लागला म्हणून आपण गुडघ्याचा उपचार सोडत नाही, दुसरा डॉक्टर बघतो. इथंही तेच करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगते.

शेवटी सोलापूरचे मनोविकारतज्ज्ञ भेटले ते भाचीमुळं. तिनं स्वतः उपचार घेतले होते आणि आम्हाला तीन वर्षं पत्ता नव्हता. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी पाऊण तास नुसतं ऐकलं. मग म्हणाले, "ह्याला पॅनिकचा त्रास म्हणतात. झटका दहा-एक मिनिटांत टोकाला जातो आणि उतरतो. तो जीव घेत नाही. ह्यातून माणसं बरी होतात." गाडीत बसल्यावर मी रडले. हे बोलायला त्यांना दोन मिनिटं लागली असतील.

त्यांनी एक गोळी सुरू केली, आणि त्यांच्याच सांगण्यावरून पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंशी पंधरा दिवसांतून एकदा मोबाईलवर व्हिडिओनं भेट. आता एकत्र घरात पाऊण तास खाजगी बोलायचं कुठं? मी गच्चीवर जायची, पापड राखायला बसते म्हणून. कानात इयरफोन, समोर पापड. कावळ्यांनी त्या वर्षी बरेच पापड नेले.

बाईंनी एकदा विचारलं, "ह्याआधी एवढं घाबरल्याचं आठवतं का?" मी नाही म्हणाले. मग दोन दिवसांनी आठवलं, आणि इतकी मोठी गोष्ट आपण विसरलो कशी ह्याचंच नवल वाटलं. माझं माहेर उमरगा तालुक्यातलं. १९९३ साली मी तेरा वर्षांची होते. त्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. मी पहिल्यांदाच अनंत चतुर्दशीचा उपवास धरला होता, आईला केवढं कौतुक! गावात गणपतीचं विसर्जन झालं, सगळे दमून झोपले. सकाळी माझं पारणं व्हायचं होतं. पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली ५२ गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. आमचं घर पडलं नाही, तडे गेले. पण त्यानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपलो. दगडाचं छत असलेल्या खोलीत जायला आई नको म्हणायची. त्या काळात भीतीबद्दल कुणी कुणाशी बोललं नाही. जे वाचले त्यांनी घाबरायचं कशाला, असंच होतं.

आता पाणी महाल काय आहे? डोक्यावर दगड, अंधार आणि घरघर. बाई म्हणाल्या, तसा संबंध असेल किंवा नसेलही, तो सिद्ध करायची गरज नाही. पण मला स्वतःवर जरा दया आली, आणि ते उपयोगी पडलं. आपल्या भागात चाळिशीच्या पुढच्या किती बायका अशा असतील, ज्यांना रात्री ट्रकनं घर हादरलं तरी दचकायला होतं? विचारून बघा कधीतरी. माझ्या सासूबाईंनी मला ह्या निमित्तानं पहिल्यांदा सांगितलं की त्या अजून दाराला कडी न लावता झोपतात.

उपचार म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत, हेही सांगायला हवं. मला वही करायला लावली. कधी झालं, कुठं झालं, मनात काय आलं, भीती दहापैकी किती, आणि दहा मिनिटांनी किती. महिनाभरात वहीच बोलायला लागली. मरणार, मरणार म्हणून बावीस वेळा लिहिलेलं, आणि बावीसही वेळा मी जिवंत. मग पायऱ्या ठरवल्या. आधी बसस्टँडवर नुसतं उभं राहायचं. मग एसटीत बसून अणदूरपर्यंत जायचं आणि परत यायचं. मग सोलापूर. मग किल्ल्याच्या दरवाजापर्यंत. भीती आली तरी पळायचं नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं. पळून आलं की भीतीला वाटतं तीच खरी. मराठीत डॉ. अंजली जोशी ह्यांचं 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तक आहे. ह्या एलिसना तरुणपणी मुलींशी बोलायची भीती होती, तर ते बागेत जाऊन एकेका बाकावरच्या बाईशी बोलत सुटले आणि त्यांची भीती मोडली. पुढं ते जगप्रसिद्ध मानसोपचारतज्ज्ञ झाले. मला त्या बाकांवरच्या बायकांची दयाच आली, पण मुद्दा पटला.

गेल्या पावसाळ्यात मी पाणी महालात उतरले. भीती सहा होती. थांबले. चार झाली. शून्य झाली नाही, अजून होत नाही.

गोळीबद्दल आपल्या बायकांचे जे प्रश्न असतात ते मी डॉक्टरांना सगळे विचारले होते, तेव्हा तेही सांगते. पहिला प्रश्न कॅप्सूलचा. पुष्कळ कॅप्सूलांचं वरचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं असतं. मी पहिल्याच भेटीत म्हणाले, मला चालणार नाही. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, टॅब्लेट देतो. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन ह्यांसारखी औषधं टॅब्लेटमध्ये मिळतात. फ्लुऑक्सेटिन बहुधा कॅप्सूलमध्ये येतं. विचारल्याशिवाय त्यांना कळणार कसं? दुसरा प्रश्न रात्रीचा. माझी गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर ठरली. रात्री घ्यायचं औषध असेल तर वेळ बदलता येते का ते विचारा. आपल्यातल्या पुष्कळ जणी रात्रीभोजन त्यागात औषध-पाण्याची सूट ठेवतात, तीही असतेच. तिसरं, ह्या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, धडधड उलट थोडी वाढली. तेव्हाच बहुतेक जणी सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना फोन करा.

आणि चौथी माझी चूक. पहिल्या वर्षी बरं वाटलं म्हणून दशलक्षणात दहा दिवस मी गोळी बंद केली. संयमाचं पर्व, औषधही नको! चौथ्या दिवशी चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं, आणि उत्तम शौचाच्या दिवशी मी अंथरुणात. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, उपवास कसा करायचा ते आधी विचारायचं होतं. आता मी पर्वाच्या महिनाभर आधी विचारते. एकाशन करते, गोळी त्यातच घेते. ज्यांच्या औषधात लिथियम आहे त्यांनी तर निर्जल उपवास डॉक्टरांना न विचारता मुळीच करू नये. अंगातलं पाणी कमी झालं की ते औषध रक्तात वाढतं आणि धोका होतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याच घरांत दिसते आणि आपण तिला भक्ती म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका काकूंचं पाणी गाळणं. गाळायचं, जिवाणी करायची, परत शंका, परत गाळायचं. हात धुवायचे, पायाखाली मुंगी आली असेल का म्हणून चाललेल्या वाटेनं मागं येऊन बघायचं. दोन घासांसाठी दुपारचे तीन. आम्ही सगळ्या म्हणायचो, काय ती अहिंसा, काय ते शोधन! त्यांचे हात फाटले होते आणि त्या रडत जेवायच्या हे आम्ही बघत होतो. व्रत पाळलं की मनाला स्वस्थता येते. इथं पाळलं की शंका वाढत होती. ह्यालाही वैद्यकात नाव आहे, मंत्रचळ म्हणतात आपल्याकडे, आणि त्यावरही गोळी आणि सराव दोन्ही आहेत. काकू अजूनही पाणी गाळूनच पितात. एकदा गाळतात.

आता खर्च आणि सोय. सगळ्यांना खाजगी परवडत नाही, मला माहीत आहे. धाराशिवला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. केसपेपर काढा, रांगेत बसा, तिथंही तेच शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. घराबाहेर पडणंच शक्य नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर. १० ऑक्टोबर २०२२ला सरकारनं सुरू केला, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. विचार जिवावर येण्यापर्यंत गेले असतील तर कुठलीही वाट न बघता आत्ता लावा, आणि घरातल्या एका माणसाला उठवा. ऐकायला काही हवं असेल तर ठाण्याच्या आय.पी.एच. संस्थेचे, डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मराठी व्हिडिओ आहेत. भांडी घासताना मी तेच लावते.

निम्हान्सनं २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली होती. मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना, आजारागणिक आकडा वेगळा, उपचार मिळत नव्हते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्या मंदिराच्या पायरीवरूनच मला अंदाज येतो.

राहिला प्रश्न सोयरिकीचा. खरं कारण तेच आहे. पोरीच्या स्थळाला कळलं तर? आमच्या मुलीसाठी यंदा स्थळं बघतोय. हा लेख लिहायला घेतला तेव्हा अहो म्हणाले, "तिचं लग्न होऊ दे, मग लिही." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आईचा आजार ऐकून एक स्थळ आधीच थंडावलं आहे. मी दोन दिवस लेख बाजूला ठेवला. मुलीनंच वाचला आणि म्हणाली, "आई, ज्या घरात हे चालत नाही तिथं मला काही झालं तर मी काय करायचं?" त्याच्यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं.

तुम्ही सगळ्यांना सांगा असा माझा आग्रह नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आजाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुम्हाला दिला आहे, आणि विमा कंपनीनं शरीराच्या आजारासारखंच ह्या आजारालाही धरावं असंही सांगितलं आहे. गुप्त ठेवून उपचार घेतले तरी चालेल. गुप्त राहावं म्हणून उपचारच घेतले नाहीत, तर ते मला चालत नाही.

आपल्या महिला मंडळापुढं मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. एक, मंदिराच्या फळ्यावर तिथी आणि सूचना लिहितो त्याच्याखाली १४४१६ लिहावा. दोन, औषधदानाची जी पेटी आहे, तीतून गरजू बहिणीला पहिल्या भेटीची फी आणि तिकीट मिळावं, नाव कुणाला न सांगता. पेटीतून चष्मे दिले, दम्याचे पंप दिले, मग ह्याला काय अडचण आहे? अध्यक्षबाई म्हणाल्या, "फळ्यावर नंबर लिहिला तर लोक म्हणतील इथं वेड्या बायका येतात." मी म्हणाले, चष्मे वाटले तेव्हा आंधळ्या येतात असं कुणी म्हणालं नाही. त्या हसल्या, पण निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायकांना शिकवून भारतवैद्य केलं, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. आपल्याला फळ्यावर पाच आकडे लिहायचे आहेत. बैठकीला या, आणि गप्प बसू नका.

पहिल्यांदा जाताना एकटीला नको वाटतं, मलाही वाटलं होतं. मी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सोलापूरला जाते, सकाळच्या एसटीनं. कुणाला यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. आत तुमच्या तुम्ही जा, मी बाहेर बाकावर बसते. डबा दोघींचा करते, धपाटे आणि शेंगाचटणी, लसूण न घातलेली. दिवस मावळायच्या आत परत येतो.